वास नसल्याची तक्रार

सान ओनोफ्रे, ४ मे १९९८

प्रिय फेर्मिन,

तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या ऑफिसातली ती मंजुळ आवाजाची मुलगी म्हणाली, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, बाई." म्हणून हा कागद. कागदाला कुणी दारात थांबवत नाही, तो सरळ टेबलावर जाऊन बसतो. शिवाय आमच्या कॉन्व्हेंटातल्या मदर परपेतुआ म्हणायच्या, पत्र असं लिहा, की उद्या कुणी ते भर वर्गात मोठ्यानं वाचलं तरी मान खाली घालावी लागू नये. मी अजून तसंच लिहिते, आणि खाली कार्बन घालून लिहिते.

काल रविवारी मोंचाकडे गेले होते. मोंचा पेरेदा, माझी शाळेतली मैत्रीण. तुझ्या पहिल्या कम्युनियनचा सदरा तिनंच शिवला होता. ती हल्ली रेल्वेपलीकडच्या टेकाडावर, सांता रीता वस्तीत राहते. ईस्टरपासून तुमच्या नव्या नळाचा गॅस तिथं आलाय. आम्ही भोपळ्याच्या पेल्यात पाला भिजवून, नळीनं मात्ते पीत बसलो होतो. मोंचाचं तुला ठाऊकच आहे, कडू मात्तेचे चार-पाच भोपळे रिचवल्याशिवाय ती "आभार" म्हणून, म्हणजे आता पुरे म्हणून, भोपळा परत करायची नाही. बोलता बोलता किटली उतू गेली आणि शेगडी विझली. आमचं दोघींचं लक्ष नव्हतं, कारण शेजारची एदुविहेस लेदेस्मा आपल्या नवऱ्याच्या तक्रारी सांगत होती, आणि त्या ऐकण्यासारख्या होत्या. पाच मिनिटांनी मोंचा उठली तेव्हा दिसलं की ज्योत नाही आणि खटका उघडाच आहे.

फेर्मिन, मी त्या शेगडीपासून दोन हातांवर बसले होते. मला वास आला नाही.

मी एकतीस वर्षं तुमच्या गॅस कंपनीचं नाक होते. दर मंगळवारी सहा वस्त्यांतून फिरायचं, पेटीच्या नळीला नाक लावायचं, हवेत गॅस थेंबाथेंबानं वाढवत न्यायचा आणि वास जाणवला की "आला" म्हणायचं. त्या "आला"वर साहेब लोक सह्या करायचे. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो आपण घालतो. शंभरात एक भाग गॅस झाला की माणसाला कळलं पाहिजे, कारण पाच भाग झाले की एक काडी पुरते. हे तुला मीच शिकवलं, तेव्हा तू माझ्या स्वयंपाकघरात बसून पाढे पाठ करत होतास.

आज सकाळी कंपनीच्या इथल्या कचेरीत तक्रार द्यायला गेले. खिडकीतली मुलगी म्हणते, "बाई, अर्जावर 'गॅसचा वास येतो' असा रकाना आहे. 'वास येत नाही' असा नाही." मी म्हटलं, "मग नवीन रकाना आख." ती म्हणाली, "बाई, वास येत नाही तर तक्रार कसली?"

आता तू सांग. सहा किलोमीटर नवाकोरा लोखंडी नळ टाकलात. तो मुरवला होता का?

तुझी आत्या,
देल्फिना


पाराना, १२ मे १९९८

प्रिय आत्या,

आशीर्वाद असू दे. तुझ्या वाढदिवसाला यायचं राहून गेलं, त्याची लाज वाटते. बसच्या पार्सलनं नवा भोपळा पाठवलाय, चांदीच्या कडेचा. आता तरी तो जुना तडकलेला फेक.

तुझं पत्र वाचून आधी दचकलो, मग फाइल मागवली. तुझी काळजी मिटावी म्हणून सविस्तर लिहितो. वास घालण्याचं यंत्र शहराच्या वेशीवरच्या केंद्रात आहे आणि तिथलाच मापक दर तासाला आकडा छापतो. घनमीटरला वीस मिलिग्रॅम. ईस्टरपासून एकदाही अठराच्या खाली गेलेला नाही. नळ ताब्यात घेतानाच्या तक्त्यावर 'मुरवणी: झाली' असं ठेकेदारानं लिहिलंय, त्याखाली त्याची सही आहे आणि त्याखाली माझी. तू शिकवलेलं मी विसरलो नाही.

आणखी एक सांगतो, तुला अभिमान वाटेल. जोडणी झाल्यापासून सांता रीतातून गॅसच्या वासाची एकही तक्रार आलेली नाही. शून्य! तुमच्या जुन्या गावठाणातून महिन्याला चाळीस येतात. सबंध प्रांतात असं दुसरं ठिकाण नाही. संचालकांनी हा आकडा बैठकीत वाचून दाखवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

आता रागावू नकोस. तू एकाहत्तरची झालीस. मागच्या हिवाळ्यात तुला फ्लू झाला तेव्हा कॉफी पाण्यासारखी लागते असं तूच म्हणत होतीस. सगळ्यांचीच नाकं थकतात गं. तू कंपनीसाठी पुष्कळ हुंगलंस. आता बागेतले गुलाब हुंग.

तुझा,
फेर्मिन


सान ओनोफ्रे, १८ मे १९९८

प्रिय फेर्मिन,

भोपळा मिळाला, आभार. मात्ते परत करतानाचे नव्हेत, साधे.

गुलाब मी रोज हुंगते. आणि तुझं पत्र आल्यावर माझ्या घरची शेगडीही हुंगली. एक श्वास खटका उघडला, आणि कुजलेल्या कोबीचा असा भपकारा आला की मांजर पलंगाखाली गेलं. म्हणजे जुन्या नळाचा गॅस मला येतो, फक्त तुझ्या नव्या नळाचा येत नाही. माझं नाक पत्ते बघून थकतं की काय?

तरीही म्हटलं, आपल्या एकटीचं नाक नको. परवा मोंचाकडे सात बायका बोलावल्या. दार-खिडकी उघडी ठेवून, बर्नर न पेटवता एक श्वास खटका उघडला आणि एकेकीला विचारलं, काय येतंय? एक म्हणाली कांदा. एक म्हणाली मोंचाच्या छातीला चोळलेला कापूर. एक म्हणाली, "काही नाही बाई, नळाचा गॅस म्हणजे सभ्य गॅस, तो काय सिलिंडरवाल्यासारखा घाण मारतो?" वस्तीत सगळ्यांचा हाच समज आहे. महाग गॅसला वास नसतो असं त्यांना वाटतं, आणि त्यांना त्याची ऐट आहे.

शेवटी एदुविहेस. ही बाई फाटकातून सांगते की नवऱ्यानं कुठल्या गुत्त्यात पेला घेतला. तिनं डोळे मिटले, नाक वर केलं, आणि म्हणाली, "देल्फिना, तुझ्या कोटाला डांबराच्या गोळ्या लागल्यात, मोंचाचं दूध उद्या नासणार आहे, आणि पलीकडच्या गल्लीत कुणीतरी चरबीत पुऱ्या तळतंय. गॅस? कुठला गॅस?"

हसलो सगळ्या. मी घरी येऊन हसले नाही.

तू वेशीवर मोजतोस. वास तिथंच घालतात. मिठाच्या बरणीत मीठ आहे की नाही ते पाहून आमटी चाखल्यासारखं सांगतोस. शेवटच्या घरात मोज, आणि माणसाच्या नाकानं मोज.

आणि त्या शून्याचा अभिमान मला सांगू नकोस. मी तक्रारीच्या टेबलावरही अकरा वर्षं काढली आहेत. नवी वस्ती जोडली की महिनाभर फोन खणखणायचा. सांधे घाईत बसवलेले, ते गळतातच. लोकांना वास येतो, ते ओरडतात, आपला माणूस जाऊन पाना फिरवतो. दोनशे बारा घरं आणि एकही ओरड नाही? तिथं सांधे शहाणे झाले नाहीत, फेर्मिन, नाकं आंधळी झाली आहेत.

तुझा नवा भोपळा खिडकीत आहे. ओला पाला भरून ठेवलाय, आज तिसरा दिवस. अजून दोन दिवस ठेवीन. नवा भोपळा पहिले काही दिवस सगळी चव स्वतःच पितो आणि प्यायला बसणाऱ्याला नुसतं गरम पाणी देतो. नवा लोखंडी नळ वासाचं तेच करतो. चौऱ्याहत्तर साली तांदळाच्या गिरणीकडचा नळ टाकला तेव्हा मुकादम सेलेस्तिनोंनी तीन आठवडे तिप्पट वास सोडला आणि पार टोकाला गॅस जाळत बसले. मी रोज जायचे, हुंगायचे आणि "नाही" म्हणायचे. बाविसाव्या दिवशी "आला" म्हटलं, मग पहिल्या घराला गॅस दिला. मुरवणं हा शब्द त्या कामाला कामगारांनी भोपळ्यावरूनच दिला.

तुझ्या ठेकेदारानं काय मुरवलं, किती दिवस, आणि टोकाला कोणाचं नाक उभं होतं? एवढं विचार.

आत्या


पाराना, २९ मे १९९८

प्रिय आत्या,

तुझ्या शब्दाखातर माणूस पाठवला. आमचा बारिएंतोस मंगळवारी सांता रीतात गेला, पाच घरांत शेगडी उघडून पाहिली. अहवाल समोर आहे: 'वास स्पष्ट. सर्व ठिकाणी.' वर लिहिलंय की एका घरातल्या बाईंनी त्याला चरबीतल्या पुऱ्या खायला घातल्या आणि लग्न झालंय का म्हणून विचारलं. ती तुझी एदुविहेसच असणार.

आता तरी हा विषय मिटव, आत्या. मनापासून सांगतो. वीस जूनला, ध्वजदिनी, नव्या नळाचं औपचारिक उद्घाटन आहे. गव्हर्नर येऊन चौकात ज्योत पेटवणार आहेत. पुढची सहा गावं या एका कार्यक्रमावर अवलंबून आहेत, आणि खरं सांगायचं तर माझंही बरंच काही. तू घरोघर जाऊन बायकांची नाकं तपासत फिरतेस ही बातमी इथपर्यंत आलीय. एक संचालक हसत म्हणाले, "आरेचेआ, तुमच्या आत्याबाई निवृत्त झाल्या हे त्यांना कुणी कळवलं नाही वाटतं." मीही हसलो. काय करणार?

पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवलीय. कंपनीचं पहिलं नाक म्हणून तुझा सत्कार करायचा माझा विचार आहे. निळा कोट घाल. आणि कृपा करून वर्तमानपत्राला काही लिहू नकोस.

फेर्मिन


सान ओनोफ्रे, ५ जून १९९८

फेर्मिन,

तुझा बारिएंतोस कशातून आला होता, विचारलंस? गंधद्रव्याची पिंपं वाहणाऱ्या गाडीतून. सकाळी वेशीवर पिंप बदललं आणि त्याच कपड्यांनी, त्याच हातांनी थेट वस्तीत. तो मोंचाच्या फाटकात आला तेव्हा कुत्रं उठून गेलं. एदुविहेस त्याला म्हणाली, "पोरा, आधी अंघोळ कर, मग तुला मुलगी दाखवते." त्यानं शेगडी उघडली, स्वतःचीच बाही हुंगली, आणि 'वास स्पष्ट' असं लिहून मोकळा झाला. त्यात खोटं काहीच नाही. वास अगदी स्पष्ट होता, संध्याकाळपर्यंत मोंचाच्या पडद्यांना येत होता.

या असल्या कागदावर तू झोपतोस?

मी तुला वाढवलं. तुझे वडील गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. या कंपनीच्या दारात तुला हात धरून मीच नेलं. तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, "पोरगा हुशार आहे का?" मी म्हटलं होतं, "प्रामाणिक आहे." आता मला कळतंय की प्रश्न वेगळा होता आणि मी उत्तर भलतंच दिलं. तुला सगळं माहीत आहे, फेर्मिन. तुला बढती हवी आहे आणि चौकातली ज्योत हवी आहे, म्हणून तू गप्प आहेस.

मी बायकांना सांगून ठेवलंय की काडी ओढण्याआधी खिडकी उघडा, वासाची वाट पाहू नका. एदुविहेस म्हणाली, "बाहेर जूनच्या थंडीत पाणी गोठतंय देल्फिना, आणि तुझा स्वतःचा भाचा म्हणतो की सगळं ठीक आहे. मग मी कोणाचं ऐकू, आत्याचं की इंजिनिअरचं?" मोंचाची छाती भरलीय. तिनं खिडक्यांना कागद चिकटवलेत.

तू स्वतः ये. स्वच्छ अंघोळ करून, साबणाशिवाय कशाचाही वास नसलेला असा ये. मोंचाच्या स्वयंपाकघरात बस आणि शेगडी उघड. मग माझ्या डोळ्यांत बघून "आला" म्हण.

निळ्या कोटाला कसर लागलीय.

देल्फिना आरेचेआ


पाराना, १५ जून १९९८

आत्या,

हे पत्र वाचून झालं की जाळ.

तुझा शेवटचा कागद वाचून संतापलो. मला काहीच माहीत नव्हतं, आणि तू मला लबाड म्हणालीस. तुला खोटं पाडायचं म्हणूनच ठेकेदाराला बोलावलं आणि विचारलं, नळ किती दिवस मुरवलात? तो म्हणाला, "चोवीस तास साहेब, डब्यावर लिहिलेलं असतं तसंच."

कसला डबा, म्हणून विचारलं. लेपाचा. गंज लागू नये म्हणून नळाला बाहेरून जो काळा लेप लावतात, त्याचा. लेप मुरायला चोवीस तास लागतात. 'मुरवणी: झाली' म्हणजे त्याच्या लेखी लेप मुरला. तो दक्षिणेकडचा माणूस. गंधद्रव्यानं नळ आतून मुरवतात हे त्यानं आयुष्यात ऐकलेलं नाही. त्यानं त्याच्या अर्थानं लिहिलं, मी तुझ्या अर्थानं वाचलं आणि खाली सही केली. शब्द एकच. आतून कुणीच काही केलेलं नाही.

म्हणजे तुझं म्हणणं बरोबर आहे. सुरुवातीचे तीन-चार किलोमीटर सगळा वास पितात आणि टेकाडावर नुसता गॅस पोचतो.

गॅस बंद करायला हवा होता. मी संचालकांना तसं म्हणालो. ते म्हणाले, पाच दिवसांवर गव्हर्नर आलेत आणि भर थंडीत दोनशे घरं विझवायची? त्यावर मी पुढं बोललो नाही. आजपासून डोस तिप्पट केलाय. दहा-बारा दिवसांत नळ मुरेल आणि कुणाला काही कळणारही नाही. हा धोका मी पत्करलाय, आत्या, पत्करावा लागला.

तोवर एक कर. मोंचाला तुझ्याकडे राहायला घेऊन ये. कार्यक्रमाचं निमित्त सांग, तिच्या छातीचं सांग. आणि तू टेकाडावर जाऊ नकोस.

ऑफिसच्या फोनवरून हे बोलता येत नाही. मला माफ कर. वीस तारखेला ये, नाहीतर लोक विचारतील.

फेर्मिन


पाराना, २५ जून १९९८

आत्या,

एदुविहेस लेदेस्माच्या प्रेतयात्रेला आलो नाही. येऊ नका असं वकिलांनी सांगितलं. तिच्या जावयाचे हात वाचतील असं इथल्या डॉक्टरांचं म्हणणं आहे. मी रोज चौकशी करतो, नाव न सांगता.

कंपनीचं निवेदन तू वाचलं असशील. ते मी लिहिलेलं नाही. पण त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, हे तू मान्य करशील. वेशीवरचा आकडा बरोबर होता. सांता रीतातून गॅसच्या वासाची एकही तक्रार नोंदलेली नव्हती. मृत बाईंनी गळतीची सूचना दिलेली नव्हती.

सोमवारी न्यायाधीश सान ओनोफ्रेला येऊन जबाब घेणार आहेत. तुलाही बोलावतील. तुझ्या तक्रारीचा कुठं कागद नाही, आणि निवृत्त बाईंचं बोलणं म्हणून ते ऐकून सोडून देतील. चौकशी ठेकेदाराच्या सांध्यावर येऊन थांबेल. सांधा खरोखरच वाईट होता.

मला एकच विचारायचंय. माझं पंधरा तारखेचं पत्र. त्याचं काय केलंस?

मला दोन मुली आहेत, आत्या. धाकटीचं नाव देल्फिना आहे.

फेर्मिन


सान ओनोफ्रे, १ जुलै १९९८

प्रिय फेर्मिन,

तुझं पत्र मिळालं. मुलीचं नाव आठवण करून द्यायची गरज नव्हती, तिच्या बाप्तिस्म्याचं झबलं माझ्या कपाटात आहे.

पंधरा तारखेचं पत्र मला एकोणीसला, शुक्रवारी, दुपारी अडीचला मिळालं. ही वेळ नीट लक्षात ठेव, कारण इथून पुढं जे आहे ते माझं आहे, तुझं नाही.

मी ते उभ्यानं वाचलं. मग निळा कोट चढवला, कसरीच्या भोकांसकट, आणि टेकाडावर गेले. सारा रस्ता ठरवत होते की वस्तीच्या पहिल्या घरापासून सुरुवात करायची, दार ठोठवायचं आणि सांगायचं: खटके बंद करा, गॅसला वास नाही, इंजिनिअरनं लिहून दिलंय, हे बघा. पत्र खिशात होतं. पहिल्या घराशी गेले. बाई दोरीवरचे कपडे काढत होती, म्हणाली, "काय आत्याबाई, उद्या पहिल्या रांगेत ना? भाच्यानं नाव काढलं हो!"

मी "हो" म्हटलं आणि पुढं गेले.

पुढच्या घराशी थांबले नाही. सरळ मोंचाकडे गेले आणि तिला म्हटलं, चल, चार दिवस माझ्याकडे राहा, इथं तुझी छाती बरी होणार नाही. ती कुरकुरली, पण पिशवी भरली. निघताना एदुविहेस कुंपणाशी उभी होती. म्हणाली, "मोंचाला नेतेस, मला नाही नेत? माझ्या नवऱ्याला कंटाळून मीही आजारीच आहे." मी म्हटलं, "तुझ्यासाठी पलंग नाही." ती खो-खो हसली. फेर्मिन, माझ्या घरात तीन पलंग आहेत. त्यातला एक तुझा.

मी मनाशी म्हटलं होतं, सोमवारी. शनिवारी पोराचा दिवस होऊन जाऊ दे, रविवारी विश्वचषकाचा सामना आहे, कुणी ऐकून घेणार नाही. सोमवारी सकाळी दारोदार जाऊन सांगीन. तू दहा दिवस मागितले होतेस, मी तीन घेतले. आपल्या दोघांत फरक तो एवढाच.

शनिवारी मी पहिल्या रांगेत बसले. गव्हर्नरांनी ज्योत पेटवली, तू माझ्याकडे पाहिलंस. मी टाळ्या वाजवल्या. हे तू पाहिलंस, नाकारू नकोस.

रविवारी सगळी वस्ती घरात, दारं-खिडक्या लावून, दूरदर्शनसमोर. जमैकाशी फुटबॉलचा सामना. मध्यंतराला आपला एक गोल झालेला होता. एदुविहेस मात्तेसाठी पाणी तापवायला उठली आणि तिनं काडी ओढली. तिचा नवरा पाव आणायला गेला होता म्हणून वाचला. जावई दुसऱ्या खोलीत होता, धावत आत शिरला, हात त्यात भाजले. तो सांगतो की तिचं शेवटचं वाक्य होतं, "कुणीतरी संत्रं सोललंय का रे?" दोन खोल्या पलीकडच्या संत्र्याचा वास त्या नाकाला आला. तिच्या डोक्यावर छताशी सबंध रात्रभर साचलेल्या गॅसचा आला नाही, कारण आपण तो घातला नव्हता. आवाज माझ्या घरापर्यंत आला. मोंचा म्हणाली, "गोल झाला वाटतं, तोफ उडवली." मला कळलं होतं.

तुमचं निवेदन वाचलं. 'मृत महिलेने गळतीची सूचना दिली नाही.' कशाची देणार होती? आणि माझी तक्रार नोंदलेली नाही हे तू मला लिहितोस? त्या अर्जावर रकानाच नव्हता, फेर्मिन. वास येत नाही हे लिहायला तुम्ही जागाच ठेवली नव्हती, आणि त्या रिकाम्या जागेचा तुम्ही विक्रम केलात.

परवा सोमवारी न्यायाधीश आले. बाई आहेत, चाळिशीच्या, चष्मा लावणाऱ्या. नगरपालिकेच्या सभागृहात सगळी वस्ती जमली होती. मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" तू म्हणतोस तसं निवृत्त बाईचं बोलणं त्यांनी ऐकून सोडूनच दिलं असतं. म्हणून मी बोलले नाही. पिशवीतून कागद काढले. माझ्या तीन पत्रांच्या कार्बन प्रती आणि तुझी चारही पत्रं. जाळायला सांगितलं होतंस त्याच्यासकट. काडीची पेटी मी हातात घेतली होती, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण सान ओनोफ्रेत हल्ली काडी ओढताना सगळ्यांचेच हात थांबतात.

न्यायाधीशबाईंनी कारकुनाला सांगितलं, मोठ्यानं वाचा. मदर परपेतुआंचा वर्ग अखेर भरला. कारकून वाचत गेला. 'शब्द एकच' या वाक्यावर ठेकेदार रडला. 'मोंचाला तुझ्याकडे राहायला घेऊन ये' इथं आल्यावर सगळ्यांच्या माना मोंचाकडे वळल्या. मग बाईंनी मला विचारलं, "हे पत्र तुम्हाला कधी मिळालं?" टपालाचा शिक्का पुसट होता. एकवीसनंतर मिळालं म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

मी सांगितलं, एकोणीसला, दुपारी अडीचला.

तुझ्याकडे आता पोलीस येतील. तेव्हा या आत्यानं आपल्याला विकलं असं म्हणू नकोस. स्वतःला मी तुझ्याआधी उभं केलंय. माझ्यावर काय कलम लागतं ते बाई बघताहेत. एदुविहेसचा नवरा मात्र कलमाची वाट पाहत नाही, तो रस्त्यात मला बघून बाजू बदलतो.

जबाबानंतर घरी आलो, मोंचा आणि मी. मी पाणी तापवलं, तू पाठवलेला चांदीच्या कडेचा भोपळा घेतला. छान मुरलाय आता, पाल्याचा सगळा कडवटपणा जसाच्या तसा देतो. पहिला माझा मी प्यायले, दुसरा भरून तिच्या हातात दिला.

तिनं तो दोन्ही हातांत धरला. नळीला ओठ लावले नाहीत.

मग भरलेलाच परत केला, "आभार" म्हणाली, आणि पिशवी भरायला आत गेली.

देल्फिना